दोन काठ्यांमधला संसार

"मादीचं काय एवढं. धड तुराही नसतो तिला. तुम्ही नराकडे बघा, नराकडे."

शेताच्या दगडी गडग्यापलीकडून हे वाक्य आलं, तेव्हा मी त्या माणसापासून वीस पावलांवर बसले होते. मी तिथे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. गळ्यात दोन डोळ्यांची भलीमोठी दुर्बीण, खांद्यावर तिपाईवर ठेवायची आणखी एक, हातात वही. एवढा सरंजाम बाळगणाऱ्याला वीस पावलांवरचं दिसत नाही, हे मला नवीन होतं. पुढे सवय झाली.

मी एक विलायती टिटवी बोलतेय. तुमच्याकडे नदीकाठी ओरडत फिरते ती माझी लांबची बहीण. ती तोंडाने धीट. माझ्या जातीतल्या बायका त्या मानाने अबोल. माझ्या पाठीवर हिरवी-जांभळी झाक आहे, पोट पांढरं आहे आणि डोक्यावर तुरा आहे. नराइतका लांब नाही, पण आहे. एवढं एकदा नोंदवते आणि पुढे जाते.

हे सांगतेय तेव्हा मी चार अंड्यांवर बसलेली आहे. लग्नाला अजून दोन महिनेही झाले नाहीत. त्यामुळे काही गोष्टी थोडक्यात सांगेन, त्या समजून घ्या.

माझा जन्म वरच्या माळावर झाला. हेदरची झुडपं संपतात आणि ओलं गवत सुरू होतं, तिथल्या एका खळग्यात. अंड्यातून निघाल्यावर अर्ध्या दिवसात मी चालत होते. आमच्यात पाळणा, अंगाई असले लाड नाहीत. आई म्हणाली चला, की चालायचं. आम्ही चौघं होतो. एकजण पाटात वाहून गेला आणि एकीला कावळ्याने उचललं. आई त्या सकाळी कितीतरी वेळ माळावर ओरडत फिरत होती. तेव्हा वाटेवरून दोन माणसं चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "किती गोड आवाज आहे. वसंत आला म्हणायचा."

माणसांविषयी माझं मत तेव्हा बनलं. ते बदलावं असं फारसं काही घडलेलं नाही.

थंडीत आम्ही सगळे खाली समुद्राकडे गेलो. ओहोटीच्या चिखलात शेकडो टिटव्या. आमचे हे तिथेच भेटले. नाव घेत नाही, नवीन लग्न आहे. मार्चमध्ये थवा परत खोऱ्यात आला, आणि ह्यांनी उड्या दाखवायला सुरुवात केली. सरळ वर जायचं, मग जीव गेल्यासारखं कोसळायचं, आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर. बघायला छान असतं. त्याने घर चालत नाही.

घराचं म्हणाल तर ह्यांनी मला पाच जागा दाखवल्या. आमच्यात पुरुषाने छाती जमिनीवर टेकून गोल फिरायचं, खळगा करायचा आणि बाजूला होऊन उभं राहायचं. प्रत्येक खळग्यापाशी ह्यांची शेपटी वर आणि मान खाली, जसा काही राजवाडाच बांधलाय. पहिला पायवाटेला लागून होता. दुसऱ्यात पाणी साचलं असतं. तिसरा कावळ्यांच्या झाडाखाली. चौथ्यात मेंढ्या बसत होत्या हे त्यातल्या लेंड्यांवरून कळत होतं.

"इथे लेंड्या आहेत," मी म्हटलं.

"ऊब राहील," हे म्हणाले.

पाचवा खळगा वेस्ली ऑल्डरसनच्या शेतात होता, नुकत्याच नांगरलेल्या मातीत. तो मी घेतला. नांगरलेल्या रानात लपायला काय आहे, असं तुम्हाला वाटेल. लपायला काहीच नसतं हेच चांगलं. येणारा लांबूनच दिसतो. आणि माझी अंडी मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. मी उठून चार पावलं गेले की मलाही नीट बघावं लागतं.

शेजारी, पंधरा-वीस ढेकळं सोडून, एक वयस्कर टिटवी बसते. तिला मी मावशी म्हणते. तिचा हा सहावा वसंत. मी चौथं अंडं घातलं त्या दिवशी ती बघायला आली. बराच वेळ बघितलं तिने.

"छान आहेत," ती म्हणाली. "पण जीव लावू नको हो. पहिल्या वर्षाची जातात."

"सगळ्यांची?"

"माझी गेली. माझ्या बहिणीची गेली. पलीकडच्या तिघींची गेली. गेली की दुसरी घालायची. त्यात रडण्यासारखं काही नाही."

मी नवीन, ती थोरली. पण मला दुसरी नको होती. मला हीच हवी होती. अंड्यांवर पहिल्यांदा बसले तेव्हा पोटाखाली चार टोकं आत वळवून मी ती जुळवून ठेवली होती, आणि कुठलं कुठे आहे ते मला न बघता कळायचं.

मग पेरणी आली.

वेस्ली साठीचा असेल. शेत त्याचं, मेंढ्या त्याच्या, पाठदुखी त्याची. ट्रॅक्टरला पेरणीचं यंत्र लावून तो ओट पेरत येत होता. माझ्यापासून दहा हातांवर आल्यावर तो थांबला. मी मान जमिनीला लावून बसले होते. बाकी कोणाला दिसले नसते, पण वेस्लीचा सगळा जन्म ह्या मातीकडे बघण्यात गेला आहे. मातीत जे मातीचं नाही ते त्याला कळतं.

"टीविट बसलीय," तो स्वतःशीच म्हणाला. आमच्या खोऱ्यात टिटवीला टीविट म्हणतात.

पाठीच्या नावाने शिव्या देत तो खाली उतरला. ट्रॅक्टरमध्ये बांबूच्या दोन काठ्या होत्या, त्या घेतल्या. मेंढ्यांच्या खाद्याच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन चिंध्या फाडल्या, काठ्यांच्या शेंड्याला बांधल्या. एक काठी माझ्या पुढे सहा पावलांवर रोवली, एक मागे. ट्रॅक्टर ज्या दिशेने चालतो त्याच ओळीत, म्हणजे चालवणाऱ्याला लांबून दिसावं की ह्या दोहोंच्या मध्ये कोणीतरी आहे.

"बस तू, पोरी," तो म्हणाला. "शनिवारी दुपारी माती दाबायला रोलर फिरवायचाय, तेवढा फिरवला की कापणीपर्यंत मी तुझ्या वाट्याला येत नाही."

मग शिव्या देतच वर चढला आणि मला वळसा घालून पेरत गेला. त्याच्या बोलण्यात पक्ष्यांविषयी प्रेम वगैरे काही नव्हतं. त्याला घाई होती आणि त्याने वळसा घातला, एवढंच. पण त्या दोन काठ्यांमधल्या बारा पावलांत मला पहिल्यांदा वाटलं की आपला संसार सुरू झाला.

शनिवारी सकाळी ते आले.

आठ जण होते, खालच्या गावातल्या पक्षीमंडळाचे. सगळ्यांची जाकिटं शेवाळी रंगाची, म्हणजे पक्ष्यांना दिसू नयेत म्हणून घेतलेली, आणि चालताना अशी खसखस वाजणारी की पक्ष्यांना आंधळं करून काही उपयोग नव्हता. सकाळी सहापासून ते माळावर होते. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता, त्यामुळे त्यांची कुजबुज मला अर्ध्या मैलावरून ऐकू येत होती. माणसाला वाटतं हळू बोललं म्हणजे कोणाला कळत नाही. हळू बोलताना तो स्स स्स करतो, आणि स्स हा आवाज जितका लांब जातो तितका दुसरा कुठलाच जात नाही.

एका चिमुकल्या तपकिरी पक्ष्यावरून माळावर त्यांचा वाद झाला. चंडोल की तीरचिमणी. अर्धा तास. तोपर्यंत तो पक्षी उडून गेला होता, जेवून आला होता आणि पुन्हा त्याच दगडावर बसला होता. शेवटी मत घेतलं. तीरचिमणी पाच विरुद्ध तीन मतांनी निवडून आली. पक्ष्याला विचारलं नाही.

त्यांचा म्होरक्या क्लाइव्ह. निवृत्त शिक्षक असावा, कारण वाक्य संपल्यावर तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा, समजलं का म्हणून. गडग्यापाशी एकीने त्याला विचारलं की टिटवीची मादी कशी ओळखायची, तेव्हा तो ते बोलला जे मी सुरुवातीला सांगितलं. आमचे हे त्या वेळी वर आकाशात होते. आठही माना वर झाल्या. मादी खाली होती.

शेतातून पायवाट जाते. ती कायद्याने सगळ्यांची. पेरल्यावर वेस्ली दरवर्षी ती पुन्हा तुडवून मोकळी करून देतो, आणि पायवाट सोडू नये असं फाटकावर लिहिलेलं आहे. क्लाइव्हने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग त्यांना घेऊन पायवाट सोडली. उड्या मारणारा नर बांधावरून जास्त छान दिसेल म्हणाला.

माणूस आला की काय करायचं, ह्याची आमच्यात रीत ठरलेली आहे. ओरडायचं नाही, उडायचं नाही. मान खाली घालून सरीतून धावत लांब जायचं, आणि मग जसं काही झालंच नाही अशा तोंडाने उठायचं. म्हणजे घर कुठे आहे ते कळत नाही. मी तसंच केलं. कोणी बघितलं नाही, ते सांगायला नकोच.

मला वाटलं, जातील. ते बसले.

बांधावर, माझ्या अंड्यांपासून बारा पावलांवर, त्यांनी चटया अंथरल्या. फ्लास्क निघाले. चीज आणि गोड लोणचं घातलेले सँडविच निघाले. एकाने घरी केलेल्या ओटच्या वड्या आणल्या होत्या, त्या सगळ्यांना आवडल्या, मग त्या कशा केल्या ह्यावर दहा मिनिटं गेली. ज्या शेतात ते बसले होते त्यातही ओटच पेरला होता. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"तीस वर्षांपूर्वी ह्या खोऱ्यात ह्यांचे थवेच्या थवे असायचे," क्लाइव्ह कप धरून सांगत होता. "आता बघा. एखाददुसरी जोडी. कुठे जातात कोण जाणे."

"शेतकरी," एकजण घास गिळत म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुःखी चेहऱ्याने आणखी एकेक वडी घेतली.

मी एका ढेकळामागे उभी होते. सकाळचा वारा वरच्या माळावरून येतो आणि एप्रिलमध्येही त्याला दात असतात. चार अंडी उघडी होती. गडग्यावर एक कावळा येऊन बसला होता. तो सगळ्या घोळक्याकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग मी ज्या जागेकडे मुद्दाम बघत नव्हते त्या जागेकडे. कावळा दुर्बिणीशिवाय बघतो.

आमचे हे त्यांच्या डोक्यावर गिरक्या घेत ओरडत होते, "उठा. उठा. निघा."

"प्रणयनृत्य," क्लाइव्ह म्हणाला आणि त्याने वहीत लिहून घेतलं. "मादीला खूश करतोय."

लग्न होऊन दीड महिना झाल्यावर कोण प्रणयनृत्य करतं? पण हे त्याला मी कसं सांगणार. आणि त्याने विचारलंही नसतं.

क्लाइव्हची बायको बेरिल. लग्नाला चाळीस वर्षं तरी झाली असावीत, कारण क्लाइव्ह बोलत असताना सगळे ऐकत होते आणि ती नव्हती. तिच्याजवळ दुर्बीणही नव्हती. एका हातात रबरी हातमोजा, दुसऱ्या हातात लांब चिमटा, खांद्याला कचऱ्याची पिशवी. माळावरून येताना तिने टॉफीचे कागद, एक बाटली आणि कोणाचा तरी मोजा गोळा केला होता. ती फिरायला येते ती उचलायला येते. इकडच्या बायकांत हे पुष्कळ असतं. रस्ता आपला नाही, रान आपलं नाही, पण त्यावर पडलेला कागद आपला.

तिला निळी चिंधी फडफडताना दिसली.

"बघ क्लाइव्ह. शेतात सुद्धा. लोकांना काही वाटतं की नाही?"

"खाद्याची पिशवी आहे," क्लाइव्ह दुर्बीण न काढता म्हणाला. "वाऱ्याने आली असेल."

"वाऱ्याने गाठ मारली होय?"

"गाठ असेल तर मग पोरांचं काम."

बेरिल उठली आणि पेरलेल्या सरीतून सरळ चालत आली. तिने पहिली काठी उपटली. चिंधी सोडून पिशवीत टाकली. काठी उलटीसुलटी करून बघितली. मग तिला दुसरी दिसली, आणि ती दोहोंच्या मधून गेली. तिचा उजवा बूट माझ्या अंड्यांपासून एक वीत अंतरावर पडला. ढेकळाचा एक तुकडा उडाला आणि एका अंड्याला लागून थांबला. मी पळाले नाही, ओरडले नाही, उभी राहिले. आमच्या रीतीत असंच सांगितलंय.

"काठ्या चांगल्या आहेत," ती परत जाताना म्हणाली. "घेवड्याच्या वेलांना होतील."

पाच मिनिटांनी ते निघाले. जाताना मागे एक चुरा ठेवला नाही. फाटक व्यवस्थित लावून घेतलं. फाटक लावायला ते कधी विसरत नाहीत, तेवढं मान्य करायला हवं.

मी धावत येऊन बसले. अंडी गार झाली होती. दगडासारखी नाही, पण मला चारही वेगवेगळी जाणवेनात, सगळी सारखीच गार. पिसं बाजूला करून उघडी कातडी त्यांना लावली आणि बसून राहिले. थोड्या वेळाने एकेक ओळखू यायला लागलं. शेवटचं सगळ्यात उशिरा.

"काठ्या गेल्या," मावशी तिच्या जागेवरून म्हणाली.

"पाहिलं."

"रोलर आज आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"बसते."

मावशी उठून चार पावलं जवळ आली. ती अशी कधी येत नाही. "अगं वेडे, माझी दोनदा गेली रोलरखाली. लोखंडाला काय कळतं? आवाज जवळ आला की पळायचं. आपण पळतो म्हणून उरतो. अंडी पुन्हा होतात, आपण होत नाही."

ती खरं बोलत होती. तिच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. गप्प राहिलं की लोक समजतात, पटलं.

दुपार व्हायच्या आतच वेस्ली आला. ट्रॅक्टरमागे रोलर, शेताची अर्धी रुंदी व्यापेल असा वाटणारा, लोखंडी चाकांचा. फाटकातून आत येऊन तो थांबला आणि शेतावर नजर टाकली. पुन्हा टाकली. खाली उतरून गडग्याच्या दगडावर चढला आणि तिथून बघितलं.

"काठ्या कुठं गेल्या?"

कोणी उत्तर देणारं नव्हतं.

"कोल्हा असणार," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कोल्हा काठ्या नेतो होय?" त्याला घरटं कुठे होतं ते अंदाजाने माहीत होतं, पण दोन दिवसांत सगळं रान एकसारखं झालं होतं. रविवारी तो काम करत नाही, प्रार्थनेला जातो. सोमवारी पाऊस सांगितला होता. तो बराच वेळ त्या अंदाजाच्या जागेकडे बघत राहिला, पण ती जागा माझ्यापासून चांगली तीस पावलं चुकीची होती. मग म्हणाला, "गेलं बिचारीचं," आणि वर चढून खालच्या कडेपासून सुरुवात केली.

एक फेरी. माती सपाट. दुसरी फेरी. रोलरचा आवाज कानाला नंतर येतो, पोटाला आधी येतो. जमिनीतून चढतो. अंडी त्या आवाजाने थरथरत होती. तिसऱ्या फेरीला मावशी उठली आणि माझ्याकडे बघत बघत लांब गेली. तिची अंडी वरच्या अंगाला होती, तिला अजून वेळ होता. मी मागोमाग यावं म्हणून ती आधीच उठली होती, हे मला नंतर कळलं.

आमचे हे त्या वेळी गडग्यापलीकडे होते. पलीकडे दुसरी एक बसते. तो विषय आज नको.

चौथी फेरी. आता तो माझ्या ओळीत आला. सरळ. मध्ये काहीच नाही.

माणसापुढून पळायचं, हे मी सांगितलं. पण मेंढीपुढून आम्ही पळत नाही. मेंढी चरत चरत अंगावर आली की उठून उभं राहायचं, दोन्ही पंख पसरायचे, छाती पुढे काढायची, आणि तिच्या नाकासमोर ओरडायचं. मेंढीला बाकी काही कळत नसलं तरी "इथे नाही" एवढं कळतं. ती वळते आणि दुसरीकडे चरते. माणसाला हे करू नये, कारण माणूस वळत नाही, तो आणखी जवळ येऊन बघतो. असं आमच्या आयांनी सांगितलंय. ट्रॅक्टरविषयी कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

पुढचं चाक चार ढेकळांवर आलं तेव्हा मी ठरवलं की ही मेंढीच आहे.

मी उभी राहिले. पंख पसरले. माझ्यापुढे चाक इतकं उंच होतं की वरचा माणूस दिसत नव्हता. मी ओरडले नाही, कारण आवाज ऐकू जाण्यासारखा नव्हता. नुसती उभी राहिले.

चाक थांबलं. यंत्र बंद झालं. सगळ्या शेतात अचानक वाऱ्याचा आवाज यायला लागला.

"बसलीयस होय अजून," वेस्ली वरून म्हणाला. खाली उतरताना ह्या खेपेला त्याने पाठीला शिवी दिली नाही.

तेवढ्यात पायवाटेवरून खसखस ऐकू आली. मंडळी फेरी पुरी करून परत निघाली होती, आणि लांबून क्लाइव्हला माझे पसरलेले पंख दिसले होते. तो पेरणीतून पळत येत होता. "पंख उघडलेत. बघा, बघा, हे क्वचित दिसतं." मागे बाकीचे. सगळ्यात मागे बेरिल, बगलेत दोन काठ्या.

वेस्ली त्या काठ्यांकडे बघत राहिला.

"त्या काठ्या, बाई."

"ह्या? इथेच होत्या. कोणीतरी रोवून ठेवल्या होत्या, वर प्लास्टिक बांधून. मी काढून टाकलं. कोणीतरी करायला हवं ना."

"मी बांधलं होतं."

"तुम्ही?"

"रोलर फिरवताना घरटं कळावं म्हणून."

बेरिलने रोलरकडे बघितलं, मग त्याने मागे ठेवलेल्या सपाट पट्ट्याकडे, मग माझ्याकडे. "मला वाटलं कचरा आहे," ती म्हणाली. आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "घेवड्याला घेतल्या होत्या मी."

तिने काठ्या दोन्ही हातांनी पुढे केल्या. त्या दिवशीच्या आठ जणांत मला ती एकटीच थोडीशी आवडली, ती ह्यामुळे.

"पण इथे घरटं नाही," क्लाइव्ह म्हणाला. "असतं तर मला दिसलं असतं. आम्ही चाळीस मिनिटं इथेच बसलो होतो."

"हो. बुडाचे ठसे आहेत," वेस्ली म्हणाला.

"नाही, म्हणजे कुठे म्हणता तुम्ही? त्या तिकडच्या ढेकळापाशी?" क्लाइव्हने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक. दुर्बिणीतून त्याला शेताचं दुसरं टोक दिसत होतं, गडगा दिसत होता, कदाचित पलीकडचा माळही दिसत असेल. मी दिसत नव्हते. मी त्याच्या गुडघ्याखाली होते.

"थांबा," वेस्ली म्हणाला.

"एक मिनिट," क्लाइव्ह म्हणाला, आणि तिसऱ्या पावलासाठी बूट उचलला.

तेव्हा मी बोलले. माणसाशी पहिल्यांदा, तोंडावर, पंख न मिटता, असेल नसेल तेवढा आवाज लावून.

बूट हवेत राहिला. बेरिलने त्याची बाही धरून मागे ओढलं. त्याने दुर्बीण खाली घेतली आणि अंडी मोजून म्हणाला, "चार आहेत." एवढंच. सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलंही नाही.

काठ्या वेस्लीने पुन्हा रोवल्या. चिंध्या बेरिलने पिशवीतून शोधून काढल्या, त्यातल्या एकीला टॉफीचा कागद चिकटला होता, तो सोडवला आणि दुहेरी गाठ मारली. मग आठही जण पायवाटेने गेले. पायवाटेनेच. वेस्लीने वळसा घेतला, मग माती निरखत पुढे जाताना त्याला मावशीची अंडीही दिसली, तिथेही उतरून त्याने दोन दांडकी रोवली. आमचे हे सगळं आटोपल्यावर गडग्यावरून भर वेगाने ओरडत आले आणि ट्रॅक्टरला पळवून लावल्यासारखे तीन गिरक्या घेऊन गेले.

ह्याला आता दहा दिवस झाले. ओट दोन बोटं वर आलाय. पोटाखाली टकटक सुरू झाली आहे, तीन अंड्यांतून स्पष्ट, आणि जे सगळ्यात उशिरा ऊब धरत होतं त्यातून अगदी हळू, थांबून थांबून. मावशी रोज येऊन कान लावते. "पहिल्या वर्षाची," म्हणते आणि मान हलवते. पिल्लं निघाली की अर्ध्या दिवसात आम्ही चालायला लागू. मग मी इथे नसेन. ओटमधून गडग्याकडे, गडग्यातल्या भगदाडातून माळाकडे. वाटेत पाट आहे, कावळे आहेत, आणि शनिवार आहेत.

त्या दिवशी जाताना क्लाइव्हने वेस्लीला विचारलं, "ती काय म्हणाली असेल हो?"

"मी टीविट नाही," वेस्ली म्हणाला.

मग क्लाइव्हने वहीत आपल्या मनाने लिहिलं: मादी, एक. आवाज, पी-विट. ते चुकीचं आहे. पी-विट मी म्हटलंच नाही. मी त्यांना म्हटलं होतं, "ती दुर्बीण डोळ्यांवरून खाली घ्या, आणि आधी पायाखाली बघा."